रंगांची हजेरी

१२ नोव्हेंबर
राहात्यात येऊन चार दिवस झाले. मिरजगावची शाळा सुटून बारा वर्षं झाली, तरी बोटांचा खडूचा वास जात नाही. माझी जुनी विद्यार्थिनी रुचा हिने खाजाभाईंच्या पेरूच्या गोदामात प्रयोगशाळा थाटली आहे. तिथे नखाएवढी चिप आहे. केसासारख्या काचतंतूतून प्रकाशाचा एकेक कण तिच्यावर पडतो आणि पडद्यावर त्या कणाच्या रंगाचा आकडा उमटतो. त्या आकड्यांना मराठी नावं द्यायची, हे माझं काम. कवितेच्या तासाला पोरं डोलायची तसा मी दिवसभर डोलत होतो. माझी बायको शोभा म्हणाली, आता रंगांचीही हजेरी घेणार का मास्तर? खाजाभाई म्हणाले, पेरू पिकला का ते आमी नाकानं वळखतो, तुमाला एवढी मशीन लागती व्हय.

१४ नोव्हेंबर
आज चार नावं दिली. अबोली, हळदी, मोरपंखी. चौथा आकडा तांबूस, त्याला शब्दच सुचेना. शोभाची लग्नातली साडी नेमकी त्या रंगाची. घरात आम्ही त्याला शोभाचा रंगच म्हणत आलो. वहीत नुसतं ‘शोभा’ लिहिलं, रुचाने ते यंत्रात भरलं. घरी सांगितलं तर शोभा चक्क लाजली, चाळीस वर्षांनी.
रुचा सांगत होती, कण मोजला की संपतो. चिप त्याला गिळते, तेव्हाच रंग कळतो. किती सुंदर कल्पना.

१७ नोव्हेंबर
परवा कुंडीतली अबोली राखेसारखी दिसली. आज हळदीचा डबा उघडला, आत राख. शोभा म्हणते, चांगली पिवळीधमक आहे, डोळे दाखवून या. डॉक्टर म्हणाले, डोळे स्वच्छ आहेत.

१८ नोव्हेंबर
शोभाच्या उशीचा मोरपंखी अभ्राही राखेसारखा झाला. वहीतल्याच क्रमाने चाललंय. यानंतर चौथं नाव.
धावत गोदामात गेलो. रुचाने माझ्यासमोर ते नाव पुसलं. मग समजावत म्हणाली, सर, नाव पुसता येतं, मोजलेले कण मी कुठून आणू?

२० नोव्हेंबर
आधी साडी गेली. दुपारी हात. चहाची कपबशी आपोआप टेबलावर आली, बांगड्या वाजल्या. ती विचारत होती, अहो, दाराकडे काय बघताय, मी इथं आहे ना.
मी आवाजाकडे बघून हसलो.

२१ नोव्हेंबर
आठवणीतलाही चेहरा पुसट होतोय. लिहून ठेवतो, लिहिलेलं राहील. उजव्या भुवईत खोक, लहानपणी पाटावर पडल्याची. हसताना आधी डावा डोळा मिटतो. कानाची पाळी—
रुचाचा फोन. म्हणाली, सर, तुम्ही येत नाही म्हणून उरलेल्या पाचव्या आकड्याचं नाव मीच भरलं. तुमच्या टेबलावरचं पेन बघून. शाईनिळा. आवडलं ना?

२२ नोव्हेंबर
पानं कोरी. कालचं सगळं— भुवईत काय होतं?
पेन दाबून लिहितोय. बोटांनी चाचपता यावं म्हणून.

२३
सकाळपासून बांगड्या नाहीत. स्वयंपाकघरात भांडं नाही—
शोभा. तीनदा हाक मारली. वर्गात तीनदा पुकारून कुणी ओ दिली नाही, तर मी नावापुढे—
नाही. लिहिणार नाही. हात आपोआप
शोभा — गै