आठशे तेंचो आणि घळीतले त्रेचाळीस

मी, एउफ्रोसिना त्सानाहुआ लांदा, वय एकाहत्तर, अविवाहित, राहणार सान एवारिस्तो, वेराक्रूस, पूर्ण शुद्धीवर असून, कोणाच्याही दडपणाखाली नसून, फक्त वैतागलेली असून, हे मृत्युपत्र स्वखुशीने करत आहे. आधीचं मृत्युपत्र रद्द समजावं. ते रागाच्या भरात केलं होतं. हेही रागातच आहे, पण विचार करून.

१. राहतं घर व मागची कॉफीची बाग भाची ओब्दुलिया हिला. स्वयंपाकघराचं छप्पर गळतं. दुरुस्त करून देतो असं तिचा नवरा सहा वर्षं म्हणतो आहे. आता स्वतःच्या डोक्यावर गळेल, तेव्हा करेल.

२. मक्याचं जातं शेजारीण आम्पारोला. तसंही ते तिच्याकडेच असतं.

३. ओढ्यापलीकडची घळ, तिच्यातल्या ओकांसह, धाकटा भाऊ लेओबार्दो यास. ओब्दुलिया म्हणाली, "आत्या, काकाला घळ? अगं, तो कोयता घेऊनच जाईल!" म्हणूनच कारण लिहिते.

संताच्या सणाला चर्चच्या दारावर फुलांची कमान उभारतात, तिचा लेओबार्दो तीस वर्षं प्रमुख आहे. कमान सजते ती ओकाच्या फांद्यांवर वाढणाऱ्या, तांबड्या तुऱ्याच्या तेंचोंनी. दर वर्षी तो सगळ्यांत देखणे तेंचो तोडायचा, तेही बी धरण्याआधी. "ताई, संताला काय सुकलेलं वाहायचं?" रान ओस पडलं, तेव्हा शहाणपण मला सुचलं. एक थोराड तेंचो उरला होता, त्याचं नाव राणी. तेंचो एकदाच फुलतो आणि मरताना बुडाशी पिल्लं सोडतो. राणीची पिल्लं, मग पिल्लांची पिल्लं मी शिडीवर चढून ओकाओकाला बांधली. बारा वर्षांत आठशे. गावाने माझा सत्कार केला, चर्चमध्ये टाळ्या वाजल्या. मीही फुगले होते, खोटं कशाला बोलू!

मग विद्यापीठाची हिमेना आली. पानांचे तुकडे तपासायला घेऊन गेली, महिन्याने परत आली आणि माझ्याच ओट्यावर बसून म्हणाली, "मावशी, ही आठशे झाडं नाहीत. एकच झाड आहे, आठशे ठिकाणी."

मी म्हटलं, "मग बिघडलं काय?"

"स्वतःच्या परागाने हे बी धरत नाही. शेंगा उघडून बघा."

बघितल्या. सगळ्या पोकळ. पुढच्या पावसात कूज आली आणि आठवड्यात तीनशे काळे पडले, कारण जे एकाला सोसलं नाही ते कोणालाच सोसलं नाही. त्या दिवशी मी शिडीवर बसून रडले.

घळीत मात्र त्रेचाळीस उरले होते. खुजे, वाकडे, फिक्या तुऱ्याचे, कमानीला न शोभणारे. कुरूप म्हणून कोणी तोडले नाहीत, म्हणून वाचले. हिमेना म्हणते, ते त्रेचाळीस खरोखर त्रेचाळीस आहेत. गेल्या हंगामात त्यांचा पराग मी कुंचल्याने राणीच्या उरलेल्या पिल्लांच्या फुलांना लावला. तीन शेंगा भरल्या.

४. शिडी, दोर व कुंचला लेओबार्दोलाच. देखणे ज्याने तोडले, त्यानेच हे कुरूप जपावेत. त्याने दर हंगामी हेच करायचं आणि घळीत कोयता न्यायचा नाही. कमान कागदी फुलांची करावी. संत रागावला तर माझं नाव सांगावं, तोवर मी तिथेच असेन.

५. माझ्या शवपेटीवर एकही तेंचो नको. लेओबार्दो, तुलाच सांगते आहे.

६. तीन शेंगांचं बी मी ओकांच्या सालीवर लावलं आहे. सध्या रोपं नखाएवढी आहेत. फुलायला बारा वर्षं लागतील. मला ती दिसणार नाहीत. लेओबार्दो, तू चौसष्टचा आहेस. ती फुलेपर्यंत तुला मरायची परवानगी नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही केली आहे. ज्याला मिळतं त्याला साक्षीदार होता येत नाही, असं नोटरी म्हणतात, म्हणून लेओबार्दो दाराबाहेर उभा आहे. कोयता मी आत ठेवून घेतला आहे.

सही: एउफ्रोसिना त्सानाहुआ लांदा
साक्षीदार: फिदेन्सियो कोलोहुआ, चर्चचा घंटावाला
साक्षीदार: हिमेना अर्गुएयो, वनस्पती अभ्यासक
स्थळ: सान एवारिस्तो
दिनांक: ९ फेब्रुवारी २०२३