हसऱ्या बाळाची बाटली

प्रिय श्रुतिका,

मी सांगतेय, शेजारची रुचिरा लिहितेय. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे म्हणतात. मला काय, मुंग्याच त्या.

काल फोनवर तू तुमच्या ओसाकाचं दुकान दाखवलंस. बाई गं, काय ती चकचक! मुळेसुद्धा नवरीसारखे नटवून बसवलेत. साखर समजून मीठ आणलंस आणि चहा थुंकलास, ते ऐकून पोट धरून हसले. एवढी शिकलीस, आणि तिथल्या लिपीपुढे माझ्यासारखीच अंगठाबहाद्दर! चित्र बघून घेते म्हणालीस. मीही तशीच घ्यायचे. सूर्य असला की साबण, कोंबडा असला की काडेपेटी.

मग एक दिवस तुझ्या आजोबांनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, ती कायमची. मिलमधून थकून आले तरी वाण्याकडे तेच जायचे. नवऱ्याने राणी करून ठेवलीय म्हणून चाळीतल्या बायका चिडवायच्या, आणि मी आपली मिरवायचे. पुढे प्रौढ शिक्षणाची बाई पाटी घेऊन दारात आली, तिला चहा पाजून वाटेला लावलं. वाचता आलं असतं तर आधी एकच बाटली वाचावी लागली असती. अजूनही आरतीला कापूर पेटला की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. तुम्हाला वाटतं, आजीला धूर सोसत नाही.

तुझ्या बाबाची थोरली बहीण, शुभा, अकरा महिन्यांची असताना तापात गेली, असं घरात सगळे सांगतात. ताप नव्हता गं. छाती भरली होती. बाटलीवर हसरं बाळ होतं, म्हणून मी चमचाभर पाजलं. ते छातीला चोळायचं कापराचं तेल होतं. आजोबांनी घरी येऊन ती बाटली वाचली आणि मरेपर्यंत मला एका शब्दाने दोष दिला नाही. रुचिराचा हात थांबलाय. लिही गो बाय, म्हटलं.

काल फोन ठेवता ठेवता तू तुझ्या तान्ह्या मिहिरच्या खोकल्याची नवी बाटली दाखवलीस. तिच्यावरही बाळ हसत होतं. मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद झाला होता. आज सकाळी रुचिराकडून 'पाजू नको' एवढा निरोप धाडला, तर तू 'आजी, काहीही हं!' म्हणून हसणारं तोंड पाठवलंस. म्हणून हे पत्र. रुचिरा त्याचा फोटो आत्ताच पाठवतेय. खाली जा, कुणालाही थांबव आणि बाटली वाचून घे. मग मला फोन कर. तोवर मी इथून उठत नाही.

तुझीच, आणि शुभाची आई,
कांदिवलीची आजी