गरम दारू

दि. ४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीचा गुडघा कसा आहे? तू दारूच्या कारखान्यात रसायनतज्ज्ञ आहेस म्हटल्यापासून शेजारीण माझ्याकडे कीव आल्यासारखी बघते. तोफेलाही दारू लागते, हे तिला पटतच नाही!

तुमच्या नव्या दारूने गोळा लांब जातो, म्हणून आमचे साहेब खूश. पण तपासनीस म्हणून तोफेच्या नळीत दिवा आणि भिंग घालून बघते मी. जुन्या दारूने दोन हजार बारांत व्हायची तेवढी झीज हिने चारशेतच केली. गोळ्याला फिरकी देणारे आतले आटे पार वितळलेत, पोलादाला सुकलेल्या चिखलासारख्या भेगा. साहेब म्हणाले, जुन्या दारूचेच आकडे लिहा आणि सही करा. किळस आली रे. तुमच्याकडे हे कुणाला ठाऊक आहे का?

माया आहेच, ती अशीच राहू दे.
तुझी धाकटी

दि. ११ जानेवारी

चि. मुंगीबाईस,
अनेक आशीर्वाद.

वहिनी आता जिना चढते, आणि वर येऊन मला बोलते.

ठाऊक आहे, मलाच. ही दारू फार गरम जळते. थंड जळणारी मी बनवली होती. पण तिने गोळा जरा अलीकडे पडायचा, म्हणून नाकारली. मी गप्प बसलो आणि विभागप्रमुख झालो. तूही सही करून मोकळी हो. नळ्या बदलता येतात, नोकरी नाही. बाबांच्या मागे तुला मी वाढवलं, म्हणून हक्काने सांगतो.

राग मानू नकोस, जीव लावत राहा.
तुझा दादा

दि. २ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न.

मी सही केली नाही. साहेबांनी ती दुसऱ्या तपासनिसाकडून करून घेतली. परवा त्याच नळीतला गोळा कोलांट्या खात आमच्याच निरीक्षण चौकीपाशी पडला. नोंदी ठेवणाऱ्या बाईंचा उजवा पाय गेला. साहेबांनी त्यांना फुलं पाठवली आणि अहवालात दोष वाऱ्यावर ढकलला. आता चौकशी बसली आहे. त्या साहेबाने हात लावलेल्या कागदाचीसुद्धा मला शिसारी येते. आणि दादा, तुझ्या पत्राचीही. वाचून झाल्यावर मी साबणाने हात धुतले.

वहिनीला नमस्कार.
धाकटी

दि. ९ फेब्रुवारी

चि. मुंगीस,
अ. आ.

तुझं पत्र वहिनीला वाचून दाखवलं. ती माझ्यापुढे ताट ठेवून स्वतःचं घेऊन आत गेली.

दोन्ही दारूंच्या चाचण्यांचे निकाल आज चौकशीकडे पाठवले. मला आधीपासून माहीत होतं, हेही लिहून खाली सही केली. आमच्या मोठ्या साहेबांनी विचारलं, आजच कुठून शहाणपण सुचलं? मी म्हटलं, उशिराच सुचलं. उद्यापासून कामावर येऊ नका म्हणाले. त्या बाईंचा पाय काही याने परत येत नाही.

तुला साक्षीला बोलावतील. माझ्याबद्दल विचारतील, तेव्हा मला सांभाळून घेऊ नकोस.

लोभ असावा, असं या वेळी लिहीत नाही.
दादा