दार वाजलं तेव्हा

बॉथेल, अमेरिका, नोव्हेंबर २००४

ती. आईस,
तुझ्या हिमानीचा ढगाळ गावातून नमस्कार.

आम्ही मजेत आहोत. निमिषला ऑफिस आहे, मला घर. माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, हे शेजारच्या काकूंना पुन्हा एकदा सांग. मी आळशी नाही! तुझा गुडघा कसा आहे? जिना कमी चढतेस ना?

दादा 'बघच' म्हणून मागे लागला होता तो ब्रिटिश सिनेमा लायब्ररीत मिळाला. काल दुपारी एकटीच बघत होते. कारखाना बंद पडलेलं गाव, खेटून बांधलेली घरं, दिवसभर मुलांवर ओरडणारी एक बाई. गाणी नाहीत, पार्श्वसंगीतसुद्धा नाही. नुसते नळाचे, कपबशांचे, माणसांचे आवाज. निमिष म्हणतो, असलं रडकं कोण बघतं? पण त्यांच्याकडे भिंतीपलीकडचं भांडण ऐकू येतं, शेजारीण साखर मागायला येते. इथे कुणाच्या कुकरची शिट्टीही कानावर पडत नाही.

मध्येच मी कणीक मळायला उठले, टीव्ही चालूच ठेवला. तेवढ्यात दार वाजलं. "आले हं, आले!" असं चक्क मराठीत ओरडत, कणकेच्या हातांनी धावले. दार उघडलं तर बाहेर कुणीच नाही. मागे टीव्हीवर शेजारीण आत येऊन बसलीसुद्धा होती.

दादाला सांग, सिनेमा फारच खरा आहे. काळजी करू नकोस, मला हसूच आलं. दार मात्र थोडा वेळ उघडंच ठेवलं.

तुझी,
हिमानी