पहिल्या पानासाठी

अहमदनगर,
मंगळवार, १६ नोव्हेंबर १९९९

तीर्थरूप भागिरथी आत्यास,

सम्राटचा सप्रेम जय भीम.

पत्र शेजारच्या विजयमाला वहिनीच वाचून दाखवणार, म्हणून त्यांनाही जय भीम. वहिनी, सावकाश वाचा. आत्या मधेमधे प्रश्न विचारेल, पण बहुतेकांची उत्तरं पुढे आहेत.

मी बरा आहे. खोकला गेला. खानावळीतली आमटी दिवसेंदिवस पातळ होत चाललीय, पण मालक माणूस चांगला आहे, म्हणून बोलवत नाही. तुझे गुडघे कसे आहेत? मागच्या महिन्यात दिलेलं तेल लावतेस का, की बाटली तशीच कोनाड्यात आहे? तशीच असणार.

आता मुख्य बातमी. दसऱ्याला तुला सांगितलं होतं बघ, की आप्पासाहेबांच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये संध्याकाळची बॅच सुटली की मी लेख लिहितो आणि ते टेलिफोनच्या तारेवरून जगभर जातात. तू म्हणाली होतीस, "तारंवरनं गेल्यालं परत येतंय व्हय?" आत्या, एक आलं. म्हणजे निवडलं गेलं.

"ओसरी" नावाची एक जागा आहे. कागदाची नाही, कॉम्प्युटरच्या पडद्यावरची. अमेरिकेतली, दुबईतली, पुण्यातली मराठी माणसं तिथे लेख पाठवतात. पाठवलेला प्रत्येक लेख लागतो, पण लागतो कुठेतरी आतल्या बाजूला, जिथे कुणी फिरकत नाही. दर रविवारी संपादक मंडळ त्यातला एक उचलून पहिल्या पानावर ठेवतं आणि सगळ्या सभासदांना निरोप जातो, की हा वाचा. आपल्या बाजारात शेकड्यांनी बैल येतात, पण रस्त्याच्या तोंडाशी बांधलेल्या जोडीपाशीच गर्दी होते, तसंच. माझे सतरा लेख मागे बांधलेले होते. रुमालाखाली बोटं धरून सौदा करणाऱ्या व्यापाऱ्यांवर लिहिलं, सुप्याच्या कारखान्याच्या बसवर लिहिलं, तुझ्या चहाच्या टपरीवर तर तीनदा लिहिलं. पुण्याच्या शुभांगीताई तिथल्या संपादक. दर वेळी त्यांचं एकच उत्तर: "छान जमलंय, पण चटका बसत नाही." चटका कुठे आणि कसा बसवायचा, हे काही त्या सांगत नसत.

अठरावा लेख ३१ ऑक्टोबरला पहिल्या पानावर लागला. त्रेचाळीस लोकांनी खाली अभिप्राय लिहिले. त्रेचाळीस! मी ते सगळे छापून उशाशी ठेवलेत. आणि आता नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी "ओसरी" वर्षातले बारा लेख निवडून मांडणार आहे. त्यात माझा जवळजवळ पक्का आहे. फक्त सोबत फोटो हवेत. त्यासाठी शुभांगीताई आणि आणखी एक सभासद शुक्रवारी २६ तारखेला घोडेगावला येणार आहेत.

लेख कशावर आहे ते भेटल्यावर सांगतो. जुन्या आठवणी आहेत, विशेष काही नाही.

आता थोडी कामं. एक म्हणजे, पुष्पाअक्काकडे मिरजगावला तू पावसाळ्यापासून गेली नाहीस. लेक बोलून दाखवत नसली तरी तिला वाटत असणार. गुरुवारी २५ तारखेला सकाळच्या एस.टी.ने जा आणि शनिवारी ये. शुक्रवार म्हणजे बाजाराचा दिवस, टपरी बंद कशी ठेवायची असं म्हणशील. एक शुक्रवार बुडला तर बुडू दे. जन्मभर त्या चुलीपुढे बसायचा मक्ता घेतलायस का?

दुसरं, मी घराला रंग द्यायचं ठरवलंय. बुधवारी २४ तारखेला रंगारी येईल. त्याआधी भिंतीवरचे फोटो उतरवून आत ठेव. रंग वाळायला वेळ लागतो, तेव्हा मी येईपर्यंत परत लावायची घाई करू नकोस.

तिसरं अगदीच किरकोळ. बुधवारीच टेम्पोतून सिमेंटची एक चौकोनी कुंडी येईल. ती दारासमोर मधोमध उतरवून घे. शोभेची आहे. कुणी विचारलं तर पोरानं पाठवली म्हण, जास्त काही सांगत बसू नकोस.

काळजी करण्यासारखं काही नाही. खरंच नाही.

तुझा,
सम्राट



अहमदनगर,
रविवार, २१ नोव्हेंबर १९९९

ती. आत्यास,

जय भीम.

वहिनी, हे पत्र दार लोटून घेऊन वाचा, आणि कितीही थांबावंसं वाटलं तरी मधेच थांबू नका. आत्या चिडली तर चिडू द्या. तुमच्यावर चिडणार नाही, तुम्ही फक्त वाचताय.

आत्या, चाळीस किलोमीटरवर राहून पत्र का लिहितोस, असं तू म्हणशील. दोनदा स्टँडवर गेलो. औरंगाबादची गाडी लागलेली होती, जागाही होती. चढलो नाही. तुझ्यासमोर बसून हे बोलायची माझी हिंमत नाही. फोन करावा तर तो किराणा दुकानात, आणि तिथे तेल-मीठ घ्यायला आलेलं अख्खं गाव कान लावून उभं असतं.

काल वहिनींनी त्या दुकानातून फोन केला. पत्र पोचलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "भावजी, आत्यांनी फोटू काढल्यात बरं का. जुन्या फडक्यात न्हाई गुंडाळले. पेटीतलं पांढरं लुगडं काढलं, चौदा एप्रिलला नेसत्यात ते, त्यात ठिवल्यात. म्हनल्या, लेकरू घर रंगवतंय, बाबासायबांवर रंगाचा थेंब पडाया नको." मी हो हो म्हणत राहिलो, फोन ठेवला आणि वर्गात जाऊन तासभर मुलांना काहीतरी चुकीचं शिकवलं. आप्पासाहेबांनी दारातून दोनदा डोकावून पाहिलं.

तेव्हा आता सरळच सांगतो.

त्या लेखात तू मेली आहेस.

लिहून टाकलं. आता पुढचं लिहिता येईल.

सतरा लेख मागे पडल्यावर मी एक दिवस बसून निवडलेले लेख पुन्हा वाचले. ओळीने नऊ वाचले. सातांमध्ये कुणीतरी गेलेलं होतं. कुणाची आजी, कुणाचे मास्तर, एकाचा तर कुत्रा. मला वाटलं, चटका तो हाच. मग तुझ्यावर चौथा लेख लिहायला घेतला. देवाशपथ म्हणणार होतो, पण आपल्यात ती चालत नाही, तर तुझी शपथ, मारायचं असं ठरवून बसलो नव्हतो. पहिल्या परिच्छेदात तू चांगली चहा गाळत होतीस. तिसऱ्यात तुला ताप आला. म्हटलं शेवटपर्यंत बरी करू. पण तू तापाने पडलीस आणि लेख असा सुरेख चालायला लागला, की मी तुला उठवलंच नाही.

आणि तू गेलीस म्हणजे पुढे काहीतरी करायला हवं. इथे खरा घाण प्रकार आहे. मरण एक वेळ तू हसून सोडून देशील. तू यमाशीही भाव करशील, हे मला माहीत आहे. पण मी त्या लेखात तुझा दहावा घातला, आत्या. प्रवरासंगमला. पिंड ठेवला, आणि कावळा शिवेना. मग मी नदीकडे तोंड करून म्हणालो, "आत्या, मी लिहीत राहीन," आणि लगेच कावळा शिवला. त्या वाक्यावर त्रेचाळीसपैकी तीसजण रडलेत.

आपल्यात कुठला कावळा? तुझा भाऊ, आमचे दादा गेले तेव्हा भंतेजी आले होते, वंदना झाली, पुण्यानुमोदनाला सगळी वस्ती जेवली, आणि दुसऱ्या दिवशी तू डोळे पुसत टपरी उघडलीस. मी शेजारी कपबश्या विसळत होतो. ते मी लिहू शकलो असतो. ते मला येत होतं.

तुला पहाटे तुळशीला पाणी घालताना दाखवलं. दारात वृंदावन दाखवलं. भिंतीवरचं तर काहीच दाखवलं नाही. आणि खाली नाव घातलं समीर घोडेगावकर. हे नाव मी पहिल्या लेखापासून लावतोय. तुला सांगितलं नव्हतं.

ती बुधवारी येणारी कुंडी शोभेची नाही. ते वृंदावन आहे. दुबईच्या एका गृहस्थांनी अभिप्रायात लिहिलं, की अशा माउलीच्या वृंदावनापाशी एकदा दिवा लावला पाहिजे, आणि शुभांगीताईंनी ते मनावर घेतलं. त्या पणती घेऊन येणार आहेत. म्हणून तुला मिरजगावला घालवायचं होतं. म्हणून फोटो उतरवायला सांगितले. रंगारी-बिंगारी कुणी येणार नाही. तो मी ठरवलेलाच नव्हता.

मी तुला तुझ्याच घरातून दोन दिवस पुसून टाकणार होतो. आणि तू लुगडं काढून दिलंस.

प्रवरासंगमचं नाव लिहिताना माझा हात थांबला होता, हेही सांगतो. सत्तावन्न साली आजोबांनी घरातले सगळे देव टोपलीत भरले आणि तिथेच नेऊन पाण्यात सोडले. तू नऊ वर्षांची होतीस आणि टोपली तुझ्या डोक्यावर होती. मला ही गोष्ट तू शंभरदा सांगितलीस. "वझं लई हुतं रं. टोपली रिकामी झाली तशी मान सरळ झाली बघ माजी. मंग काय वाकली न्हाई." त्याच पाण्यात मी तुझ्या अस्थी सोडल्या, आणि वर त्या कावळ्याला बोलावलं.

ही टोपलीची गोष्ट मी "ओसरी"ला कधी पाठवली नाही. कुणी नको म्हणालं असतं तर निदान त्यांच्या नावाने खडे फोडता आले असते. पण कुणी म्हणालं नाही. शुभांगीताईंनी कधी आडनाव विचारलं नाही, जात विचारली नाही, काही नाही. मीच पाठवायच्या आधी स्वतःला म्हणालो, की हे पहिल्या पानावर कोण घेईल? आणि विचारायच्या आधीच उत्तर देऊन मोकळा झालो. हे सतरा वेळा केलं. मला फार लाज वाटते, आत्या. नुसती लाज नाही, भीती वाटते. तू मला आता "लेकरा" म्हणशील की नाही, याची वाटते. बाराजणांत निवड होण्याची एवढी हाव सुटली होती, की ही भीती मला आधी वाटलीच नाही.

तर आता हे कर. मिरजगावला जाऊ नकोस. बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो होता तिथे लाव. लुगड्याला घडी पडली असेल तर माझ्यावर राग काढ. टेम्पोवाल्याला गाठायला मी काल गेलो होतो, पण तो कारखान्यावर ऊस टाकायला गेलाय, बुधवारपर्यंत काही भेटत नाही. हे पत्र आधी पोचतं की ती कुंडी, मला सांगता येत नाही. माल आधी आला तर वहिनी, तुम्ही उतरवून घेऊ नका. न्यायचा असेल तिथे ने म्हणावं.

शुभांगीताईंना पत्र लिहून ठेवलंय. सगळं खरं लिहिलंय, नावासकट. अजून पाठवलं नाही. तुझ्याआधी त्यांना सांगणं बरोबर वाटेना. मेली तू होतीस, तर जिवंत असल्याचं आधी तुला कळायला हवं. हे पाकीट पोस्टात पडलं की क्लासवर जाऊन ते पाठवणार. मग ते लेख काढून टाकतील. बारातून नाव जाईलच, कदाचित "ओसरी"तूनही. त्रेचाळीस माणसं मला काय म्हणतील ते मनात आलं की उशाशी ठेवलेले अभिप्राय पालथे घालून ठेवतो. दुबईचे ते गृहस्थ खरंच रडले होते.

कदाचित वाचूनही ती दोघं येतील. शुभांगीताई विचित्र बाई आहेत, काही सांगता येत नाही. ती येवोत न येवोत, शुक्रवारी सकाळच्या पहिल्या गाडीने मी येतोय. तू टपरी उघड. बाजार भरलेला असेल, चार गावची माणसं चहाला टेकलेली असतील. मी आलो की सगळ्यांच्या देखत तू मोठ्याने विचार, "कोन मेलं रं?"

मी तिथेच, उभ्या उभ्या, सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगेन.

त्यानंतर चहा द्यायचा की नाही, ते तुझ्यावर आहे.

वहिनी, वाचलंत, उपकार झाले.

स्वतःच्या नावाला घाबरून जिवंत माणसाला मारणारा, तरीही तुझाच भाचा,

सम्राट सहादू भिंगारदिवे