व्हनीर म्हणजे येणे

प्रिय मामा,

तुम्हाला जाऊन पाच महिने झाले. आज लिहायला बसले, कारण गेल्या रविवारी गावी आले होते तेव्हा आत्यांनी कोरेगावच्या पाहुण्यांसमोर माझं तोंडभर कौतुक केलं. "शेवटी शेवटी आमच्या ह्यांचं बोलणं घरात कुणालाच कळंना. सुनंला तेवढं कळायचं. फ्रेंचची मास्तरीण हाय न्हवं!" सासरे म्हणून तुमची मी काय सेवा केली, ते पाहुण्या ऐकत होत्या आणि मी चहाच्या कपात बघत बसले होते. कसलं कौतुक, मामा!

मला बघायला आलात तो दिवस आठवतो? मी सांगलीत फ्रेंच शिकवते म्हटल्यावर तुम्ही पोह्यांची बशी माझ्याकडे सरकवलीत आणि म्हणालात, "व्हू मांजे?" मी खूश! साताऱ्याकडच्या सुभेदारांना फ्रेंच येतं! चूक मला ऐकूच आली नाही. 'तुम्ही खाता' आणि 'तुम्ही खाणे' यांचा त्या भाषेत उच्चार एकच.

लग्नानंतर कळलं. शांतिसेनेबरोबर तुम्ही वर्षभर काँगोत होतात आणि तिथल्या बाजारातल्या बायकांकडून भाषा उचलली होतीत. खाणे, पिणे, थांबणे, येणे. सगळी क्रियापदं मूळ रूपात, एकही चालवलेलं नाही! "मी येणे, तू थांबणे, एवढ्यावर वरीस काढलं बघ पोरी," असं किती अभिमानानं सांगायचात!

आणि मी काय केलं? कासची सहल घेऊन आले तेव्हा माझ्या तीस मुलांसाठी तुम्ही जेवण करवून ठेवलं होतंत. दोन तास वाट बघत दारात उभे होतात. बस थांबताच हात उंचावून ओरडलात, "नू आतांद्र! नू आतांद्र!" आम्ही थांबणे! मुलं फिस्सकन हसली. मला लाज वाटली. सगळ्यांसमोर म्हणाले, "मामा, 'नू आतांदों' म्हणायचं. क्रियापद चालवावं लागतं. अकरावीच्या मुलांचे मी ह्याला गुण कापते."

तुम्हीही हसलात. "बरं म्याडम, चुकलं."

त्यानंतर घरात तुमच्या तोंडून फ्रेंचचा एक शब्द निघाला नाही. ते माझ्या लक्षात आलं होतं, आणि खरं सांगते, बरंच वाटलं होतं. पण तुम्ही तरी का गप्प बसलात? फौजेत एवढी माणसं हाताखाली वागवलीत, एकदा मला दरडावता आलं नाही?

मग झटका आला. उजवी बाजू गेली, मराठी गेली. तिसऱ्या आठवड्यात अचानक म्हणालात, "ब्वार." आत्या गडबडल्या. "बोरं? आवं, उन्हाळ्यात कुठली बोरं आणू?" मी धावत पाणी आणलं. ब्वार म्हणजे पिणे. पाणी पिऊन तुम्ही डाव्या हातानं माझं मनगट किती वेळ धरून ठेवलंत!

आत्यांना एवढंच माहीत आहे. पुढचं मी कुणालाच सांगितलेलं नाही.

त्या गुरुवारी दुपारी तुमचा फोन आला. सांगलीत माझ्या वर्गाच्या तोंडी परीक्षा चालू होत्या, मुलं दाराबाहेर रांगेत होती.

"व्हनीर," तुम्ही म्हणालात.

"कोण येणार, मामा? व्यायामवाले?"

"व्हनीर."

"कधी? उद्या?"

"व्हनीर, व्हनीर."

मी कर्ता शोधत होते, काळ शोधत होते! "परीक्षा संपली की बोलते," म्हणून फोन ठेवला.

मीच दरवर्षी शिकवते ना, की फ्रेंच लोक पाटीवर, औषधाच्या बाटलीवर मूळ रूप लिहितात आणि ते सांगणं असतं? ढकलणे म्हणजे ढकला. हलवणे म्हणजे हलवा. येणे म्हणजे ये. शेवटच्या मुलीचे गुण मांडताना मला ते कळलं. साडेपाच वाजले होते. साताऱ्याच्या गाड्या होत्या, मामा. कळूनही मी आले नाही. शनिवारी जायचंच आहे, म्हणून घरी गेले आणि भाजी निवडत बसले.

शुक्रवारी पहाटे तुम्ही गेलात.

कशाला बोलावत होतात? आत्या तर घरातच होत्या. त्यांनाच काही सांगायचं होतं का? मध्ये मी हवी होते का, तुमचं त्यांना समजावून द्यायला?

तेराव्याच्या आदल्या दिवशी संदीप तुमचा फोन चाळायला लागला. "दे, चार्जिंगला लावते," म्हणून मी तो घेतला आणि मला केलेल्या त्या गुरुवारच्या फोनची नोंद पुसून टाकली. स्वतःच्या नवऱ्यापासून लपवलं! आणि आत्या अजून म्हणतात, "जाताना कुणाची आठवण बी काढली न्हाई त्यांनी."

मामा, वचन देते. येत्या रविवारी संदीपला घेऊन घरी येतेय. दोघांना समोर बसवून सांगेन, की तुम्ही हाक मारली होतीत, मला ती कळली होती, आणि मी आले नाही. आत्या रडतील, कदाचित मला घरात येऊ नको म्हणतील. तसं म्हणाल्या तरी तुमची ती हाक त्यांच्यापर्यंत पोचवल्याशिवाय मी उठणार नाही.

तुमची सून,
मंजिरी