मावशीच्या कबरीवरचे खडे

वाशी, सेक्टर नऊ
मार्च १९९७

प्रिय एस्तर,

तुझं पत्र आलं आणि त्याच रविवारी कॅमेरा गळ्यात अडकवून मी उरणला निघाले. दिलीप म्हणाला, लोकांच्या बायका रविवारी मटण आणायला धाडतात, माझी मला कबरस्तानात नेते. म्हटलं, चल गुपचूप, पिशव्या धरायला कुणीतरी हवंच. तुझे बाबा गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं गं. तिकडे त्यांच्या फोटोशेजारी मावशीच्या, तुझ्या आईच्या, कबरीचा फोटो लावायचाय म्हणालीस, ते लगेच पटलं. पण चार पानी पत्रात दान्याचं नाव कुठेच नाही! सख्खा भाऊ तुझा. ‘मी इस्रायलला येणार नाही’ म्हणून हटून बसला, बाबांनी ‘आम्हाला मुलगा नाही’ म्हणून सांगून टाकलं, आणि तेव्हापासून तो कुठे आहे, आहे की नाही, तुला ठाऊक नाही. विचारायचं होतं आणि लिहवलं नाही, होय ना? पाचवीपासून एका बाकावर बसलोय आपण, मला कळतं.

द्रोणागिरीच्या बाजूला आता तू चुकशील. जिथे आपण करवंदं खायचो तिथून कंटेनरचे ट्रक धडधडत जातात. पण कबरस्तान आहे तसंच आहे, रचलेल्या दगडांच्या पडक्या गडग्याच्या आत. वर हिब्रू, खाली आपली मराठी, असे ते दगड मी लहानपणी कधी नीट वाचलेच नव्हते. या वेळी एकेक वाचत सुटले, कोण कुठल्या गावचा, कोण कुणाची सून. दिलीप कंटाळून चिंचेखाली झोपला. मावशीची कबर कोपऱ्यात, समोर लगेच काटेरी झुडपं, त्यामुळे मागे सरकायला जागाच नाही. माझ्या साध्या लेन्समध्ये अर्ध्याहून जास्त दगड मावेना. कबर मात्र मी लख्ख केली. पालापाचोळा काढला, वर कुठून तरी येऊन पडलेले दोन खडे उचलून झुडपात भिरकावले.

मग आमच्या नंदकिशोरच्या स्टुडिओतून वाइड अँगल लेन्स उसनी आणली. काय गंमत आहे गं ती! दोन हातांवरून अख्खी कबर, चिंच, गडगा, वरचं आभाळ, सगळं पोटात घेते. फक्त काठावर जे येईल ते ओढल्यासारखं रुंद दिसतं. दिलीप काठावर आला तर असा फुगलाय की शेजारच्या काकू डाएट सुचवून गेल्या. तर दुसऱ्या रविवारी बघते, कबरीवर पुन्हा दोन खडे! अगदी मधोमध, शेजारी शेजारी. आजूबाजूच्या कबरी मोकळ्या. पोरांचे उद्योग असतील म्हणून पुन्हा फेकले आणि रोल संपवला. पण डोक्यातून जाईना. शेळ्या चारणाऱ्या सगुणाबाईंना विचारलं, तर म्हणाल्या, “येतो एक मानूस बाय, गप ठेवतो न जातो. नाव नाय ठाव.”

तू आता वाचताना कपाळावर हात मारला असशील. मला कोण सांगणार? आमच्यात कबरी असतात थोड्याच! दिलीपच्या ऑफिसात तुमच्यातले एक पेणकर आहेत, त्यांना हे सांगितलं तर ते आधी पोट धरून हसले. भेटायला येणारा माणूस कबरीवर खडा ठेवून जातो, आलो होतो म्हणून. म्हणाले, “वहिनी, तुम्ही तर चक्क हजेरी पुसून आलात!” मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि मग दुसरंच डोक्यात आलं. उरणात तुमचं कुणी उरलेलं नाही. मग मावशीकडे हजेरी लावतंय कोण? आणि एक सोडून दोन खडे का?

त्या संध्याकाळी प्रिंट आल्या. एका फोटोत अगदी डाव्या काठावर, गडग्याबाहेर, एक माणूस उभा. लेन्सने चेहरा पार ओढून टाकलाय, ओळखू येत नाही. पण तो एका पायावर उभा आहे गं, दुसऱ्या पायाचा तळवा गुडघ्याला टेकवून. शाळेच्या रांगेत असं कोण उभं राहायचं? कुणाला आपण बगळा म्हणायचो? मी त्याचे खडे फेकत होते आणि तो बिचारा मी जायची वाट बघत उभा होता!

काल रविवारी मी गेले आणि चिंचेखाली बसून राहिले. तो आला. केस पांढरे झालेत, मिशी ठेवलीय. “दान्या बगळ्या” म्हणून हाक मारली, तर “वैशू?” म्हणत जवळ आला. तिथल्याच एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवतो, लग्न केलेलं नाही. दोन खडे कशाला रे, विचारलं. म्हणाला, “एक माझा, एक एस्तरचा. तिला लांब पडतं ना.” एस्तर, मी तुझाही खडा दोनदा फेकलाय, माफ कर बाई.

बाबा गेल्याचं त्याला माहीत नव्हतं. मलाच सांगावं लागलं. मान खाली घालून माती उकरत बसला. मग उठला, गडग्यापाशी जाऊन एक खडा शोधला, सदऱ्याला पुसला आणि त्याने पुन्हा ठेवलेल्या त्या दोन खड्यांच्या शेजारी ठेवला. मी तेव्हाच फोटो काढला, आज नंदकिशोरकडून धुवून घेतला, सोबत पाठवतेय. तू मागितलास तो हाच समज. खडे तीन आहेत बघ. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर त्याने स्वतःच्या हाताने लिहिलाय, पण आपणहून तो पत्र लिहिणार नाही, तुम्हा दोघांचा हट्ट मला माहीत आहे. तेव्हा तू लिही. आजच लिही.

तुझीच,
वैशू